कोठावदे सरांची लाजाळू आणि मी लावलेला दिवा

तुमच्यापैकी कितीजणांना माझं नाव आठवतं, ते आधी सांगा. घाई नाही, मी थांबते. शेकडो झाडांची लांबलचक परदेशी नावं तुम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. पण रोज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडणारी, तुमच्या विसरलेल्या छत्र्या आणि चष्मे दारामागच्या खुंटीवर सांभाळणारी बाई कोण, असं विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघाल. एक निळी छत्री अजून माझ्या घरी आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी.

मी भागाबाई. कॉलेजच्या बागेतली. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि माझी नात प्राची लिहून घेतेय. मी ‘लय’ म्हणते तिथं ती ‘फार’ लिहिते आणि वर मलाच सांगते की गौरवग्रंथात असंच लिहितात. लिहू दे. शब्द तिचे चालतील, पण मी सांगितलेलं काही गाळायचं नाही, असं तिला बजावलंय. आपल्या कोठावदे सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्याबद्दल चांगलं सांगायला तुम्ही सगळे आहातच. मला चांगलं तर सांगायचंच आहे, शिवाय माझ्या हातून त्यांचं जे नुकसान झालं तेही सांगायचं आहे. आता सांगायला काही वाटत नाही, कारण सरांना सांगून झालंय.

सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती चुकीनंच. माझे मालक कॉलेजच्या बागेत माळी होते. ते गेले आणि त्यांच्या जागी मला ठेवलं, तेही तात्पुरतं. माझं माहेर चांदवडकडचं. कांद्याचं रोप लावायचं, निंदायचं, काढायचं, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्याच आठवड्यात मी लाजाळूच्या वाफ्यात गवत काढायला बसले. हात फिरवीन तिकडं पानं मिटत होती, मला गंमत वाटली, म्हणून मी साऱ्या वाफ्यावरून हात फिरवला. मागं बघते तर सर घड्याळ घेऊन उभे. पहाटेपासून त्याच वाफ्यातली पानं उघडताना ते बघत होते. त्यांची सकाळ मी एका हातासरशी मिटवून टाकली.

मला वाटलं, गेली नोकरी. सरांनी पाण्याची बादली उपडी केली, मला बसायला सांगितलं आणि स्वतः विटेवर बसले. म्हणाले, आता उघडेपर्यंत दोघं मिळून बघू. बसल्या बसल्या गप्प राहवेना, म्हणून मी म्हटलं की हे नळाखालचं रोप मात्र माझ्यावर रुसलं नाही. सरांनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, नळ गळतो, दिवसभर याच्या पानावर थेंब पडतात, याला आता थेंबाची सवय झालीय, हे थेंबाला मिटत नाही. सरांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्या रोपावर एकेक थेंब सोडून पाहिला. मग शेजारच्या रोपावर सोडला. शेजारचं मिटलं, नळाखालचं तसंच राहिलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सारखा केला. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी त्या दिवशी परत पाठवलं. पुढं किती दिवस तो नळ गळत ठेवला होता, ते प्राचार्यांना कळलं नाही म्हणून बरं.

तेव्हापासून सरांनी मला नोंदी ठेवायला शिकवलं. लिहिता येत नाही, हे मी सांगायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. चौकटी आखलेला कागद दिला. पान पूर्ण उघडं असेल तर चौकटीत पूर्ण गोल, अर्धं असेल तर अर्धा गोल, मिटलेलं असेल तर नुसती उभी रेघ. पुठ्ठ्याचं घड्याळ करून काटे कसे वाचायचे ते तीन दिवसांत शिकवलं. बागेतली लाजाळू सकाळी किती वाजता जागी होते, उन्हात कशी पसरते, संध्याकाळी देठ कसा खाली सोडते आणि पानं जोडते, हे मी वर्षानुवर्षं चौकटीत काढलं. झोपलेली लाजाळू आणि दचकून मिटलेली लाजाळू यांतला फरक मला लांबून कळायचा. तुम्हाला पदवी घेईपर्यंत कळला नव्हता.

रागावू नका, खरं तेच सांगते. तुमच्यातल्याच एकानं एकदा चार वाजताची नोंद दोन वाजताच वहीत भरली आणि सिनेमाला पळाला. नाव सांगत नाही. आता मोठ्या हुद्द्यावर आहे आणि या ग्रंथाच्या समितीतही आहे. सर त्याला एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी स्वतः खुर्ची टाकून दोनपासून चारपर्यंत लाजाळूसमोर बसले. चार वाजता म्हणाले, “कालची नोंद खोडून टाका. चुकलेली नोंद आपल्याला काहीतरी शिकवते. न पाहता केलेली नोंद काहीच शिकवत नाही.” हे वाक्य मी दारात झाडू घेऊन ऐकलं. पुढं माझ्या आयुष्यात ते मला फार टोचलं.

आता मुख्य गोष्ट.

सरांच्या मनात एक प्रश्न होता. लाजाळू संध्याकाळी मिटते ती उजेड गेला म्हणून मिटते, की तिच्या आतच काही घड्याळ आहे? त्यासाठी तिला दिवसरात्र काळोखात ठेवून बघायचं ठरलं. प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली रिकामी केली, खिडकीला काळा कागद चिकटवला, दारावर आतून घोंगडी टांगली आणि एक कुंडी आत ठेवली. बॅटरीला हिरवा कागद लावून दिला, कारण त्या उजेडाचं रोपाला फारसं काही वाटत नाही. त्या बॅटरीनं थोड्या थोड्या वेळानं दहा अंक मोजेपर्यंत बघायचं, बाहेर येऊन चौकटीत काढायचं. बाकी कसलाही उजेड आत जाता कामा नये, हे सरांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

पण मला ते जमलं नाही. आमच्याकडं दिवेलागणीला गोठ्यातसुद्धा दिवा दाखवतात. जिथं जीव बांधलेला आहे ती जागा तिन्हीसांजेला काळोखात ठेवायची नाही, हे मला सासूनं हाताला धरून शिकवलं होतं. आणि इथं एक जितंजागतं रोप, मी हातानं लावलेलं, कोंडून ठेवलेलं. पहिल्याच संध्याकाळी माझ्यानं राहवलं नाही. साडेसहाची नोंद काढून झाली की मी पणती लावून कुंडीशेजारी ठेवायची, बागेतल्या नळ्या गुंडाळायची, खोल्यांना कुलपं लावायची, आणि येऊन पणती उचलून न्यायची. एवढ्याशा पणतीनं काय होणार, असं वाटायचं. सरांना सांगायचं मात्र धाडस झालं नाही.

रोज साडेसहाला लाजाळू मिटायची. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. सर खूश झाले. कॉलेजच्या अंकात त्यांनी ते छापलं, आणि खाली ‘निरीक्षण : भागाबाई’ असं घातलं. अंक बागेत आणून त्यांनी मला माझं नाव वाचून दाखवलं, माझं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. माझ्या घरात तोवर कुणाचंच नाव छापून आलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बोटाखाली काहीतरी गरम लागतंय असं वाटत राहिलं.

मग सर तोच लेख घेऊन पुण्याला एका परिषदेला गेले. परत आल्यावर प्रयोगशाळेत बाकीच्या प्राध्यापकांना सांगत होते, मी चहा गाळत होते. तिथं एक मोठे विद्वान उठले म्हणे. काळोखात लाजाळू रोज थोडी आधी मिटत जाते, असं साऱ्या जगाच्या पुस्तकांत आहे. तिचं आतलं घड्याळ थोडं पुढं पळतं. तुमची तेवढी मिनिटाला पक्की कशी, असं त्या विद्वानांनी विचारलं. खोलीत उजेड शिरला असेल, नाहीतर नोंद ठेवणारी बाई अंदाजानं रेघा ओढत असेल, असंही म्हणाले. बाई शिकलेली नाही, हे कळल्यावर सभागृहात सगळे हसले. सर आम्हाला सांगत होते की त्यांनी तिथं उभं राहून म्हटलं, माझ्या घड्याळावर शंका घ्या, भागाबाईंच्या डोळ्यांवर घेऊ नका; आणि उजेड शिरला नाही, याची जबाबदारी माझी.

माझ्या हातातली गाळणी तिथल्या तिथं थांबली. पणतीनं काय होतं ते मला त्या क्षणी समजलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझी नोकरी तात्पुरती, पदरात दोन पोरं, आणि सर इतक्या लोकांसमोर माझ्यासाठी शब्द देऊन आलेले. मी चहा दिला आणि कप गोळा करून बाहेर गेले.

सरांच्या डॉक्टरेटचं काम याच विषयावर चाललं होतं. मार्गदर्शकांनी सांगितलं, दुसरा माणूस ठेवून पुन्हा नोंदी घ्या, मग मान्य करू. सर म्हणाले, दुसरा माणूस ठेवायचा म्हणजे भागाबाईंनी खोटं लिहिलं हे मी कबूल करायचं. ते करणार नाही. सर किती हट्टी आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. मला त्यांचा हट्ट तेव्हा पहिल्यांदा अंगावर आला. काम तिथंच थांबलं. त्यांच्यामागून आलेले सगळे डॉक्टर झाले. आपले सर ‘सर’च राहिले, त्याचं खरं कारण आतापर्यंत फक्त मला माहीत होतं.

आणि मधल्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी काय केलं? दर उन्हाळ्यात माझा कागद घेऊन कचेरीत जायचे, माझी नोकरी पक्की होईपर्यंत. माझ्या मोठ्या मुलाला कावीळ झाली तेव्हा मंगलवहिनींनी, म्हणजे सरांच्या घरच्यांनी, त्याला महिनाभर बिनतेलाचं जेवण करून पाठवलं. सर स्वतः सायकलवरून आणून द्यायचे. त्यांनी जेवण हातात ठेवलं की मला पणती दिसायची. चांगल्या माणसाचं काही लपवलं की त्याचा चांगुलपणा रोज दारात येऊन उभा राहतो.

यंदा पावसाळ्यानंतर समितीचं पत्र आलं. प्राचीनं वाचून दाखवलं. गौरवग्रंथात सरांचा लाजाळूचा जुना लेख पुन्हा छापणार होते. मी तिला म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. म्हणजे जे खोटं माझ्यामुळे एकदा छापलं गेलं, ते आता चांगल्या जाड कागदावर दुसऱ्यांदा छापणार, आणि खाली पुन्हा माझं नाव. मी प्राचीला रिक्षा बोलवायला सांगितली आणि गंगापूर रोडला सरांच्या घरी गेले.

सर झोपाळ्यावर बसले होते. मंगलवहिनींनी चहा आणला. मी कप उचललाच नाही.

“सर, त्या काळोख्या खोलीत मी दिवा लावत होते.”

“कोणत्या खोलीत?”

“लाजाळूच्या.”

झोपाळा थांबला. सरांनी पाय जमिनीवर टेकले. “रोज?”

“रोज. दिवेलागणीला. नळ्या गुंडाळून होईपर्यंत.”

सर उठले आणि आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मंगलवहिनी माझ्याकडं बघत होत्या, मी चहावरच्या सायीकडं. आत कपाट उघडल्याचा आवाज झाला, मग काही खाली पडल्याचा. मला वाटलं, आता बाहेर येऊन जा म्हणतील. तसं म्हटलं असतं तरी चुकलं नसतं.

सर बाहेर आले ते जुनी वही घेऊन. चष्मा कपाळावर, कान लाल. मला आधी एकच विचारलं, “तीस वर्षांहून जास्त झाली, भागाबाई. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?” मी म्हटलं, रोज वाटलं. मग त्यांनी वही उघडून पेन्सिल घेतली आणि पोलिसासारखे प्रश्न सुरू केले. पणती तेलाची की तुपाची. कुंडीपासून किती हात. किती वेळ. एखादा दिवस चुकला का.

एक चुकला होता. पाचव्या दिवशी दुपारी भावाकडं चांदवडला जावं लागलं होतं, ती सहाव्या दिवशी अंधार पडल्यावर परत आले आणि आल्या आल्या पणती लावली. त्या दोन दिवसांच्या नोंदी सरांनीच घेतल्या होत्या.

सरांनी वही माझ्यापुढं धरली. मला अक्षर येत नाही, पण माझ्या चौकटी मला येतात. सहाव्या दिवशी साडेपाचलाच उभी रेघ होती, सरांच्या हातची, आणि तिच्यावर लाल काट मारलेली. पाचव्या संध्याकाळी पणती नव्हती, म्हणून सहाव्या दिवशी रोप तासभर आधी मिटलं होतं. पुस्तकात लिहिलंय तसंच. सरांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ती एकच नोंद माझ्या बाकीच्या नोंदींशी जुळेना, म्हणून आपलीच नजर चुकली असं समजून त्यांनी स्वतःची नोंद खोडली होती आणि माझ्या सगळ्या ठेवल्या होत्या.

“म्हणजे तुमची मोजणी बरोबर होती,” सर म्हणाले. “माझीही बरोबर होती. त्या सभेतले पुस्तकवालेही बरोबर होते.” मग हसायला लागले, इतके की मंगलवहिनी पाणी आणायला धावल्या. हसणं थांबल्यावर म्हणाले, “चूक माझीही आहे. काय करायचं ते मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय करता, ते कधी विचारलं नाही.”

मी तेव्हा तो थंडगार चहा प्यायले. तीस वर्षांत इतका गोड चहा मी घेतला नव्हता, आणि वहिनी साखर घालायला विसरल्या होत्या.

सरांनी समितीला फोन करून जुना लेख थांबवला. दुसऱ्या दिवशी मंगलवहिनींचं कोठीघर रिकामं झालं. पापडाचे डबे पलंगावर आले, वहिनी दोन दिवस सरांशी मोजकंच बोलल्या. खिडकीला काळा कागद, दारावर घोंगडी, आत लाजाळूची कुंडी, बाहेर मी. पहिल्या संध्याकाळी माझे हात शिवशिवायला लागले. सर म्हणाले, दिवा देवापुढं लावा, रोपाला बाहेरून नमस्कार करा. मी तसं केलं. पहिल्या दिवशी साडेसहाला मिटली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला. तिसऱ्या दिवशी सव्वाचारला. चौथ्या दिवशी तीन वाजता सर घोंगडीतून बाहेर आले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि वहिनींना हाक मारून म्हणाले, “अगं, चहा टाक. झोपली.”

मग दुसरी कुंडी ठेवली, आणि तिला रोज दिवेलागणीला मी पणती दाखवली, या वेळी सरांच्या परवानगीनं. ती पुन्हा साडेसहाला पक्की. काळोख्या खोलीतली लाजाळू एका पणतीवरून आपलं घड्याळ लावून घेते. सरांनी नवा लेख लिहिला आहे, तो याच ग्रंथात पुढच्या पानांवर आहे. खाली ‘निरीक्षण : भागाबाई आणि कोठावदे’ असं आहे, आणि त्याखाली ‘दिवा : भागाबाई’. जुनी लाल काट मारलेली नोंदही छापली आहे, काट न मारता. लोक अजून त्यांना डॉक्टर म्हणणार नाहीत. त्याची सरांना फिकीर नाही, असं ते म्हणतात. मला थोडी आहे, ती राहील.

आता रीतीप्रमाणे शुभेच्छा. सरांनी शंभर वर्षं जगावं, असं सगळे लिहितील. नुसतं जगून काय करायचं? सरांचे गुडघे कोठीघराच्या उंबऱ्यावर वाकत राहोत. हिरव्या उजेडात त्यांना पान दिसत राहो. मंगलवहिनींना आपलं कोठीघर कधीतरी परत मिळो, पण त्याची घाई नको. आणि त्यांच्यासमोर आपली चूक सांगायला माणसं माझ्याइतका वेळ न लावोत.

राहता राहिला सत्काराचा दिवस. त्या दिवशी आमच्या तिसऱ्या कुंडीचा पाचवा दिवस आहे. ही बिनदिव्याची आहे, म्हणजे दोनच्या आत मिटणार. मी म्हटलं, सर, कुंडी दोन दिवस उशिरा ठेवू. तर म्हणाले, तारीख समितीनं ठरवलीय, कुंडीनं नाही. कुंडीनं का थांबायचं? तेव्हा समितीवाल्यांनो, शाल, नारळ आणि भाषणं साडेबारापर्यंत उरका. सर जेवायला थांबणार नाहीत, मी तर येणारच नाही, मी कोठीघराच्या दाराशी असेन. आमचं जेवण एकच्या सुमारास सरांच्या घरी पाठवा. रस्सा, कढी, आमटी असलं काही नको, काळोखात सांडतं आणि कुंडीला धक्का लागतो. बाजरीच्या भाकरी पाठवा, पिठलं सुरी घालून कापता येईल इतकं घट्ट, शेंगदाण्याचा ठेचा वेगळ्या पुडीत. सरांना गोड चालत नाही, त्यामुळे जिलबी एकट्या माझ्यापुरतीच, पण दोघांची.